एकोणिसाव्या दुरुस्तीचं कार्ड

नापास होण्याची मला सवय नव्हती. म्हणून एप्रिलच्या त्या दुपारी, शाळा सुटल्यावर, मी एकशे चौदा नंबरच्या खोलीच्या दारात उभी होते आणि आत जायला पाऊल उचलत नव्हतं.

आत एकच मुलगा होता. मागच्या बाकावर पाय लांब सोडून बसलेला, केस पावसाने ओले, शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. माझ्याकडे पाहून तो म्हणाला,

"वाट चुकलीस का? हुशार मुलांचं वाचनालय पलीकडे आहे."

"चुकले नाहीये. नापास झालेय."

"तू? ग्वेन्डोलिन हॅवरकॅम्प?" तो ताडकन सरळ बसला. "अरे वा! मग ये ना, लाजतेस काय? आपल्यातलीच निघालीस."

आपल्यातली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता नापास कशी झाले तेही सांगून टाकते. आम्ही जानेवारीत नदीपलीकडून, आयोवातून, इकडे इलिनॉयमध्ये राहायला आलो. आईला इथल्या दवाखान्यात नोकरी लागली होती. आणि आल्याबरोबर कळलं की इथे राज्यघटनेची परीक्षा पास झाल्याशिवाय शाळेचा दाखलाच मिळत नाही, मग तुमचे बाकीचे गुण आभाळाला का टेकलेले असेनात. मी म्हटलं, हात्तिच्या! देशाची घटना ती, नदी ओलांडली म्हणून बदलते की काय? पुस्तक न उघडता पेपरला बसले. अमेरिकेच्या घटनेचा भाग झकास गेला. पण पुढे राज्याचा भाग होता. राज्यात जिल्हे किती? मी ठोकून दिलं, नव्याण्णव. वरच्या सभागृहात सभासद किती? पन्नास. सगळी उत्तरं अगदी बरोबर होती... आयोवाची. तो अख्खा भाग गेला, आणि राज्याच्या भागात पास झाल्याशिवाय बाकीच्याला किंमत नव्हती.

स्टॅमबॉ सरांनी माझा पेपर परत देताना हसू दाबलं होतं. ते मला अजून आठवतं.

"मी ऑरिन टॅकेट," तो मुलगा म्हणाला. "माझी ही तिसरी खेप. त्यामुळे इथला अनुभवी माणूस मीच. काय अडलं तर विचार."

"इलिनॉयमध्ये जिल्हे किती?" मी नाक वर करून विचारलं.

"एकशे दोन. वर एकोणसाठ, खाली एकशे अठरा. आमच्या आत्याच्या स्केटिंगच्या रिंकवर भाड्याचे स्केट्स एकशे अठरा जोड आहेत, म्हणून पक्कं बसलंय." आणि तो हसला. काय सांगू... त्याचं हसणं आधी डोळ्यांत यायचं आणि मग ओठांवर. मी घाईघाईने वही उघडली.

तितक्यात सर आले. त्यांनी दोघांनाही विचारलं, "घटनेची पहिली दुरुस्ती. त्यातली पाच स्वातंत्र्यं कोणती?"

ऑरिन बोटांवर मोजू लागला. "धर्म. बोलणं. छापणं. जमणं..." करंगळीशी येऊन तो थांबला.

"नेहमीचंच," सर म्हणाले. "अख्खा देश चारच सांगतो. पाचवं, तक्रार घेऊन सरकारच्या दारात जाण्याचा हक्क. टॅकेट, तू जरा आळस सोडलास तर पास होशील रे. कोरा पेपर देतोस, त्याला मी गुण कुठून घालू?"

ऑरिनने मान खाली घातली आणि काहीतरी विनोद केला. सर हसले. मीही हसले.

बाहेर पडताना तो माझ्याबरोबर चालू लागला.

"सौदा करायचा? मी तुला इलिनॉय शिकवतो, तू मला दुरुस्त्या शिकव. सगळ्या सत्तावीस. मला पास व्हायलाच हवं, ग्वेन. विजेच्या तारांच्या कामावर शिकाऊ म्हणून जागा मिळालीय. पण जूनमध्ये दाखला दाखवला नाही तर ती दुसऱ्याला जाईल."

त्याचा आवाज एकदम साधा झाला होता. मी हो म्हणून गेले. खरं सांगते, मला इलिनॉय शिकवायला कुणाचीच गरज नव्हती.

*

शनिवारी सकाळी रिंक उघडायच्या आधी ऑरिनच्या लोर्ना आत्या फरशी पुसून ठेवायच्या आणि आम्हाला आत सोडायच्या. "दिवे एका बाजूचेच लावा, आणि भिंतीवर आपटू नका," एवढंच म्हणायच्या. आणि मग काउंटरमागून आमच्याकडे असं बघायच्या की मी उगाचच लाल व्हायचे.

मी पुस्तक उघडून बसले तर ऑरिन म्हणाला, "बसून माझ्या डोक्यात काही शिरत नाही. तू नुसतं बोल. एक फेरी, एक दुरुस्ती."

तर आम्ही असं शिकलो. पत्र्यावर पाऊस, खाली चाकांची घरघर, आणि मी मोठ्याने सांगतेय आणि तो उलटा, माझ्याकडे तोंड करून घसरत ऐकतोय. मला स्केट्सवर धड उभंही राहता येत नव्हतं.

"तिसरी फेरी! बोल."

"मालकाच्या परवानगीशिवाय... अगं आई... सैनिकांना घरात मुक्काम... ऑरिन, धर मला!"

"धरलं." त्याने माझा हात धरला. फेरी संपली तरी सोडला नाही.

"तिसरी दुरुस्ती," मी म्हटलं. "परवानगीशिवाय मुक्काम नाही."

"मग परवानगी दे."

"...विचार करते."

चौथ्या फेरीत त्याने माझ्या कोटाच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्यांकडे हात नेला. "झडतीचं वॉरंट दाखव!" मी ओरडले. "वाजवी कारण आहे," तो म्हणाला, "वास येतोय." आठव्या फेरीत अघोरी शिक्षांना बंदी, तेव्हा तो म्हणायचा, आता तरी मला पाणी पिऊ दे. अठराव्या फेरीला दारूबंदी आणि एकविसाव्या फेरीला ती मागे घेतली, तिथे तो मुद्दाम झोकांड्या खायचा. सत्ताविसावीला माझी दमछाक झालेली असायची, आणि तो मात्र मला सगळ्या घडाघडा म्हणून दाखवायचा. एकदा ऐकलं की पक्कं. मी थक्क व्हायचे. हा मुलगा तीनदा या परीक्षेच्या दाराशी कसा येऊन पडला?

आणि मग मी... हो, मी प्रेमात पडले. हळूच नाही, चांगली धाडकन पडले, स्केट्सवरून पडायची तशीच. शाळेत त्याचा आवाज आला की माझ्या हातातलं पेन थांबायचं. गणिताच्या तासाला मी एक अख्खं पान त्याच्या नावाने भरलं आणि मग ते पान फाडून, चक्क चघळून टाकलं.

प्रॉम जवळ आली होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांचा तो नाच, जोडीने जायचं. सगळ्यांची विचाराविचारी झाली होती. ऑरिन काही विचारेना. शेवटी मी ठरवलं, मीच विचारते. त्याच्यासाठी मी सत्तावीस कार्डं केली होती, एकेका दुरुस्तीचं एक. एकोणिसाव्या कार्डावर बायकांच्या मताधिकाराखाली मी त्याला विचारून टाकलं. बायकांना मत देता येतं, तर प्रॉमला विचारता का येऊ नये? लिहिल्या लिहिल्या कार्ड पालथं घातलं, तेवढ्यात शाई पसरली.

रबर लावून गठ्ठा त्याच्या हातात दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला, वरून हाताने थोपटला.

एक आठवडा गेला.

"कार्डं वाचलीस?" मी विचारलं.

"वाचली ना. दोनदा!"

"सगळी?"

"सगळी."

"एकोणिसावं?"

"बायकांना मताचा हक्क. एकोणीसशे वीस." आणि तो हसला, तसंच, आधी डोळ्यांत. माझ्या मात्र तोंडात मारल्यासारखं झालं.

"तू..." तोच पुढे म्हणाला, बुटाच्या नाडीशी खेळत, "तू प्रॉमला जाणारेस का कुणाबरोबर?"

"नाही."

"मीही नाही. मला असल्या गोष्टी जमत नाहीत."

झालं. याहून स्पष्ट नकार काय असतो? घरी येऊन मी उशीत तोंड खुपसून इतकी रडले की आईने दारावर तीनदा टकटक केलं.

*

प्रॉमच्या शनिवारी दुपारी आम्ही दोघं रिंकवर होतो. मंगळवारी परीक्षा होती. सगळं गाव फुलवाल्याकडे आणि केशकर्तनालयात पळत होतं आणि मी लोर्ना आत्यांच्या काउंटरवर एक सराव पेपर आपटला.

"आज फेऱ्या नाहीत. हा लिही. चाळीस प्रश्न, पाऊण तास."

"तू तोंडी विच–"

"परीक्षेत कोण तोंडी विचारणार आहे तुला? लिही!"

त्याने पेन्सिल घेतली. मी घड्याळ बघत बसले, रागाने त्याच्याकडे बघायचंच नाही असं ठरवून. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग मी पाहिलंच. तो दुसऱ्या प्रश्नावर होता. बोट ओळीवर, ओठ हलताहेत, पुन्हा ओळीच्या सुरुवातीला... कपाळावर घाम. वर पत्र्यावर पाऊस धो धो आणि हा मुलगा एका ओळीशी झुंजतोय.

मला काहीच उमगलं नाही. रागाने माणूस किती आंधळा होतो बघा.

"टंगळमंगळ पुरे, ऑरिन! तुला सगळं येतं. तू मुद्दाम करतोस. कार्डाचंही तसंच केलंस. नाही म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचंस! असं हसत हसत खिशात घालून–"

"कसलं कार्ड?"

"एकोणिसावं!"

"ते तर मी तुला म्हणून दाख–"

"त्याच्या खाली मी काय लिहिलं होतं?"

त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. चेहरा असा उतरला, असा उतरला... आणि मग माझ्या लक्षात आलं.

"तू वाचलं नाहीस," मी म्हणाले.

"नाही."

"एकही नाही?"

"अक्षरं उभी राहत नाहीत, ग्वेन." तो पेन्सिलीकडे बघत बोलत होता. "लहानपणापासून. मी धरतो एक, तोवर दुसरं पळतं. एक ओळ लागते, पण... वेळ संपतो. मग मी जोक मारतो आणि पेपर देऊन टाकतो. आळशी म्हणाले तरी चालतं. आळशी बरं, त्यापेक्षा." तो थांबला. "कार्डं मी रोज बाहेर काढायचो. तुझं अक्षर बघायला. तुझा आवाज आठवला की दुरुस्ती आठवायची."

मी काउंटरला वळसा घालून त्याच्याजवळ गेले. आणि मला रडू फुटलं. आठवडाभर मी याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या! मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "कुणाला सांगणार नाहीस ना?"

"नाही सांगणार. पण तू सांग. स्टॅमबॉ सरांना. म्हणावं, मला प्रश्न वाचून दाखवा."

"वेडी आहेस का? चार वर्षं लपवलंय मी."

"पहिली दुरुस्ती म्हण."

"ग्वेन–"

"म्हण!"

"धर्म, बोलणं, छापणं, जमणं..." करंगळी हवेतच राहिली. मग तो हळूच म्हणाला, "तक्रार घेऊन दारात जाणं."

"मग जा ना दारात! दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी ते तुझ्यासाठी लिहून ठेवलंय. विजेच्या खांबावर चढायला भीत नाहीस आणि एकशे चौदाच्या दाराला भितोस?"

मग खिशातून गठ्ठा काढून त्याने एकोणिसावं कार्ड वेगळं केलं.

"यात काय आहे?"

"मी वाचून दाखवते."

"नको!" त्याने कार्ड छातीशी धरलं. "मला लिहिलंयस ना? मग मीच वाचणार. कितीही वेळ लागू दे."

"अरे पण ते... ते तारखेचं आहे. आजच्या–"

"नको म्हटलं ना."

मी काय करणार? त्या संध्याकाळी माझा निळा झगा कपाटातच राहिला.

*

सोमवारी मी त्याला एकशे चौदाच्या दारापर्यंत नेलं. दोनदा तो मागे वळला. दोनदा मी दंड धरून त्याला परत सरळ केलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच आत गेला.

दार लोटलेलं होतं. मी ऐकलं, लाज न बाळगता ऐकलं.

"सर, मी आळशी नाहीये," तो म्हणाला. आवाज फाटला होता. "मला वाचता येत नाही. नीट. पण दुरुस्त्या सगळ्या येतात. मला प्रश्न वाचून दाखवले तर..."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"चार वर्षं," सर म्हणाले, "चार वर्षं मी तुला सगळ्यांसमोर आळशी म्हणत आलो. तू मला एकदाही का नाही थांबवलंस, पोरा?"

"तुम्ही हसायचात, सर. मला वाटायचं, हसताहेत ते बरं."

मला पुढचं ऐकवेना. मी पाण्याच्या नळाशी जाऊन तोंड धुतलं.

मंगळवारी माझा लेखी पेपर झाल्यावर सरांनी ऑरिनला एकट्याला बसवलं आणि प्रश्न स्वतः वाचले. दाराच्या काचेतून मला त्याचे पाय दिसत होते. बाकाखाली ते हलत होते, डावा, उजवा, वळण, डावा, उजवा. तो दुरुस्त्यांच्या फेऱ्याच मारत होता! मी बाहेर उभी राहून ओठांनी त्याच्याबरोबर फेऱ्या मोजत होते. सत्तावीस झाल्यावर पाय थांबले.

त्याला ब्याण्णव गुण पडले. मला अठ्ठ्याऐंशी.

"काय गं," तो म्हणाला, "शिकवणी लावायची असेल तर सांग. शनिवारी सकाळी मोकळा असतो मी."

मी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला आणि मग तिथेच, सगळ्या शाळेसमोर, त्याला मिठी मारली.

त्यानंतर शाळा सुटली की तो इंग्रजीच्या बाईंकडे बसू लागला. आणि मी? मी झुरत होते. प्रश्न विचारून महिना होत आला आणि उत्तराचा पत्ता नाही. "काय वाचून झालं?" विचारलं की म्हणायचा, "माझं नाव." चार दिवसांनी, "स्वल्पविराम." मी चिडले की मिश्कील हसायचा. माझ्या जिवाची इकडे घालमेल, आणि याला गंमत!

जूनच्या पहिल्या रविवारी दाखले मिळाले. मैदानावर ऊन मी म्हणत होतं. समारंभाचे घोळदार काळे झगे, आयांचे कॅमेरे, लोर्ना आत्यांचं नाक शिंकरणं. गर्दी पांगल्यावर ऑरिनने मला बाकांच्या खालच्या पायरीवर बसवलं आणि झग्याच्या आतून कार्ड काढलं. कोपरे मऊ पडले होते.

"मध्ये बोलायचं नाही," तो म्हणाला.

त्याने बोट ठेवलं.

"ऑरिन... माझ्या... माझ्याबरोबर..." थांबला. मागे गेला. पुन्हा आला. "प्रॉमला... येशील का."

त्याचे कान लाल झाले. पण मान वर केली नाही. खाली अजून एक ओळ होती, आणि ती मी कोणत्या वेड्या घटकेला लिहिली होती ते आठवून मला पळून जावंसं वाटलं.

"नाही... म्हणा... म्हणालास तरी... मी..." पुढचा शब्द त्याला येईना. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. माझ्या जिभेवर तो शब्द आला होता. सांगून टाकणं किती सोपं होतं! मी ओठ दातांखाली धरला, झग्याची बाही मुठीत आवळली आणि बसून राहिले. घामाचा थेंब त्याच्या हनुवटीवरून कार्डावर पडला.

"...रडणार नाही," तो म्हणाला. आणि मग, हळू, एकेक अक्षर उचलून, "खोटं. रडेन."

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते.

"रडलीस?"

"खूप."

"हो," तो म्हणाला. याला मात्र त्याला एक क्षणही लागला नाही.

"कशाला हो?"

"प्रॉमला."

"ती होऊन तीन आठवडे झाले, वेड्या!"

"मग मी काय करू? मला आज कळलं." त्याने कार्ड पुन्हा छातीशी धरलं. "हो म्हणजे हो. प्रॉमला हो, तू नदीपलीकडे आयोवात कॉलेजला गेलीस तरी हो, दर शनिवारी मी पूल ओलांडून येणार त्यालाही हो. तू मला फार आवडतेस, ग्वेन. हे मी कुठूनही वाचलेलं नाही."

मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडले, आणि या वेळी तो जवळ होता.